टाकाळ्यातलं जुनं पार्केट: कोपरा का उचलला आणि परत कसा बसवला

दीड वर्ष झालं या कामाला, आता दुसरा पावसाळा पण बघून झाला म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. कारण कोल्हापुरात लाकडी पार्केट (लाकडाच्या बारीक पट्ट्या जोडून केलेली फरशी) असलेली जुनी घरं थोडीच आहेत आणि त्यातली बरीचशी फरशी "आता कुठं दुरुस्त करत बसताय" म्हणत पहार लावून उखडून टाकली जाते, मला ते बघवत नाही.

फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. "हॉलमधली लाकडाची फरशी पायाला टोचायला लागलीय रे, दादा म्हणतोय काढून टाइल्स घालूया, तू एकदा बघून जा, मग काय ते ठरवू." दादा म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्यात असतो. घर टाकाळ्याला, १९७४ चं बांधकाम. काकांचा शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप होता, त्यांनी कुठंतरी मुंबईत कुणाच्या तरी घरी असली फरशी बघितली आणि हट्टानं करून घेतली. हॉल १४ बाय १८ फूट, सगळा सागवानात. प्रत्येक चौकोनात पाच पट्ट्या, पट्टी २४ मिली रुंद आणि १२० मिली लांब, एक चौकोन उभा तर शेजारचा आडवा, चटईसारखी वीण. हिशेब केला तर सोळाशेच्या वर चौकोन, म्हणजे आठ हजारावर पट्ट्या, आणि त्या कुणीतरी गुडघ्यावर बसून एकेक करून डांबरात बसवलेल्या.

मी गेलो तेव्हा वायव्येच्या कोपऱ्यात साधारण ३० चौरस फूट भाग खराब होता. पट्ट्या सुटलेल्या, कडा काळ्या पडलेल्या, पाय ठेवला की खडखड वाजायच्या. हॉलच्या मधोमध मात्र वेगळाच प्रकार, तिथं फरशी एका सरळ रेषेत वर उचललेली, घराच्या कौलासारखी, जवळजवळ बोटभर. दरवाज्याच्या वाटेवर पॉलिश पूर्ण गेलेलं आणि खिडकीजवळ कुंडीच्या लोखंडी स्टँडचे तीन काळे गोल डाग.

घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं, महापुरानं झालं. आता कोल्हापुरात ओल दिसली की पहिलं नाव पुराचंच निघतं आणि ते साहजिक आहे, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, ते कोण विसरणार. पण टाकाळा उंचावर आहे, या घरात पाणी आलेलंच नाही. आणि खराब एकच कोपरा कसा होईल, पूर सगळ्या हॉलला सारखा भिजवणार. एवढ्यावरनंच मला वाटलं की ओल अजून चालू आहे, आणि ती चालू असताना वरनं कितीही घासा, कितीही पॉलिश मारा, पैसे पाण्यात. (दादानं तोपर्यंत एका मार्बल पॉलिशवाल्याला बोलावलं पण होतं, तो पाणी टाकून मशीन फिरवणार होता, लाकडावर! मी अर्ध्या तासानं उशिरा पोचलो असतो तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.)

मग मी खडूनं सगळ्या फरशीवर दोन-दोन फुटांचे चौकोन आखले आणि ओल मोजायचं पिनांचं मीटर घेऊन प्रत्येक चौकोनात रीडिंग (लाकडातली ओल, टक्क्यांत) घेऊन तिथंच खडूनं लिहीत गेलो. काकू खुर्चीत बसून बघत होत्या, म्हणाल्या ठिकरी खेळायलाय काय. पण लिहून झाल्यावर त्यांनाच पहिल्यांदा दिसलं. हॉलच्या मध्यात १०, ११, ११, दरवाज्याकडं १०, आणि कोपऱ्याकडं जाईल तसं १४, १७, २१, आणि अगदी भिंतीला लागून २५. आकडे पंख्यासारखे एकाच जागेकडं निघालेले. त्या जागेच्या बाहेर काय आहे विचारलं तर काकू म्हणाल्या, "बाहेर माझा मोगरा."

बाहेर जाऊन बघितलं. मोगऱ्याचा वाफा भिंतीला टेकून, दरवर्षी शेणखत आणि माती टाकत टाकत वाफ्यातली माती हॉलच्या फरशीपेक्षा जवळजवळ पाच इंच वर आलेली. जोत्यावर ओल अडवायचा थर असतो तो जमिनीच्या वर असला तरच कामाचा, माती त्याच्या वर चढली की ओल त्याला वळसा घालून थेट भिंतीत शिरते. आणि त्यात भर म्हणजे हॉलच्या एसीची पाण्याची नळी बरोबर त्याच वाफ्यात सोडलेली, उन्हाळाभर थेंब थेंब. मोगरा जोमात का होता ते पण कळलं.

दुसरं कारण आतच सापडलं. मधोमध फरशी उचलली त्याचा आणि कोपऱ्यातल्या ओलीचा थोडाच संबंध, खरी गोम स्कर्टिंगमध्ये, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीत. २००८ च्या सुमारास घराची डागडुजी झाली तेव्हा जुनी लाकडी स्कर्टिंग काढून काळी ग्रॅनाइट बसवली, आणि पार्केटच्या कडेला भिंतीपाशी जी अर्ध्या इंचाची फट मुद्दाम सोडलेली होती ती बसवणाऱ्यानं व्हाइट सिमेंटनं गच्च भरून टाकली, दिसायला वाईट दिसते म्हणून. त्याला माहीत नव्हतं, सांगणारं पण कोणी नव्हतं. लाकूड पावसाळ्यात फुगणार, ते त्याचा धर्म आहे. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, तरी लाकडातली ओल १० टक्क्यांवरनं १६ वर गेली तर २४ मिलीची पट्टी पाव मिलीच्या आसपास रुंद होते. एका पट्टीचं पाव मिली काहीच नाही, पण एका ओळीत शंभर-दीडशे पट्ट्या आल्या की बेरीज कुठं जाते बघा. कडेला जागा नसेल तर ती वर जाते. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांच्या घरात असतोय आणि मार्चच्या दुपारी तोच ३०-३५ वर येतोय, म्हणजे दरवर्षी फरशीचा श्वास आत-बाहेर चालूच, आणि याच घरात तो कोंडला गेला होता.

इथं एक मोठा निर्णय होता आणि त्यावर काकू, दादा आणि माझी चांगलीच चर्चा झाली. दादाला मे महिन्यात सुट्टी, म्हणून सगळं मे मध्ये उरकायचं होतं. मी नाही म्हणालो. मे मध्ये लाकूड चांगलंच सुकलेलं असतं, फटी मोठ्या दिसतात, आणि त्या तेव्हा कडक पुट्टीनं भरल्या की दोन महिन्यांनी पावसाळ्यात लाकूड फुगणार आणि जागा नाही म्हणून परत उचलणार. शिवाय खालचं काँक्रीट किती वर्षं पाणी पीत होतं ते कुणाला ठाऊक, ते सुकायला वेळ द्यायलाच पाहिजे. माझं म्हणणं असं की आत्ता फक्त उघडायचं, सुकवायचं, पावसाळा तसाच काढायचा आणि दिवाळीनंतर बसवायचं. पावसाळ्यातच खरी परीक्षा होणार की ओल बंद झाली की नाही. दादाला पटलं नाही, एवढे महिने हॉल उघडा ठेवायचा म्हणजे काय, गौरी-गणपतीला पाहुणे येणार. शेवटी काकूच म्हणाल्या, "पन्नास वर्षं टिकलीय, सहा महिन्यांनी काय बिघडतंय. गौरी सतरंजीवर बसतील." विषय संपला.

मार्चमध्ये वाफ्यातली माती काढून जमीन फरशीच्या एक फूट खाली नेली, मोगरा मोठ्या कुंड्यांत हलवला (एक रोप गेलं, काकूंना वाईट वाटलं आणि मलाही), एसीची नळी लांब नेऊन गटाराच्या जाळीवर सोडली, भिंतीचं बाहेरचं खराब प्लास्टर काढून भिंत तशीच सुकायला ठेवली.

आत कोपऱ्यातल्या पट्ट्या काढल्या. साधारण साडेनऊशे. प्रत्येक चौकोन काढताना पाच पट्ट्या रबरबँडनं बांधून मागं पेन्सिलनं नंबर. डांबर ओलीनं इतकं मेलेलं होतं की पातळ पटाशी घातली की पट्ट्या अलगद सुटत होत्या. पण पट्टीच्या पाठीला डांबराचा थर तसाच, आणि तो काढल्याशिवाय नवा गोंद धरणार नाही. रंध्यानं काढायला गेलं तर पात्याला चिकटतं, हीट गननं गरम केलं तर आणखी पसरतं आणि धूर होतो. शिवाय त्या काळच्या काळ्या डांबरी गोंदात कधीकधी अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं असायचं, नुसतं बघून कळत नाही, म्हणून सुकं घासायचं तर अजिबातच नाही. मग थंडीचा उपाय केला. डांबर थंडीत ठिसूळ होतं. चाळीस-पन्नास पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून काकूंच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात रात्रभर, मटारच्या पिशवीशेजारी. सकाळी बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवायच्या, पाण्याचा फवारा मारायचा, मास्क आणि चष्मा लावायचा आणि पटाशी तिरकी धरून एक टिचकी, की डांबर चिक्की तुटावी तसं तुकड्यानं निघायचं. चुरा ओलाच पिशवीत भरून बांधून टाकायचा. रोज एक घाणा. तीन आठवडे चाललं हे आणि काकूंनी एकदा पण कुरकुर केली नाही, उलट संध्याकाळी स्वतः पिशव्या आत ठेवायच्या.

काँक्रीटवरचं डांबर पण ओलं करूनच खरवडलं. मग दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून चोवीस तास ठेवला. मार्चमध्ये उचलला तर आतून थेंबच थेंब. मे मध्ये नुसतं धुकं. आणि ऑगस्टात, बाहेर आठ दिवस झड लागलेली असताना, त्याच जागी परत लावला आणि उचलला तेव्हा कोरडा ठणठणीत. तो प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन मी आणि काकू दोघं उजेडात फिरवून फिरवून बघत होतो. त्या दिवशी दादाला मी स्वतः फोन केला.

दरम्यान पट्ट्यांची मोजणी. इथं काकांचा व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर) कामाला आला, कपाटात मखमलीच्या डबीत तेल लावून ठेवलेला, काकूंनी काढून दिला. नवीन असताना पट्टी ८ मिलीची असणार, कोपऱ्यातली भरली ७.६, दरवाज्याच्या वाटेवरची ६.९. म्हणजे आधी एकदा घासाई झालेली आहे आणि चालून पण झिजलीय. हे आकडे कळल्याशिवाय मशीन लावायचंच नसतं. ३६ नंबरचा जाडा घासायचा पेपर (नंबर लहान तेवढा पेपर जाडा) लावणारा माणूस एका दुपारी मिलीभर खाऊन टाकतो आणि पार्केटची पुढची वीस वर्षं त्या भुश्यात निघून जातात. आम्ही ठरवलं, ६० च्या खाली उतरायचं नाही आणि अर्ध्या मिलीपेक्षा जास्त काढायचं नाही.

साडेनऊशेतल्या सातशे पट्ट्या परत वापरण्यासारख्या निघाल्या, बाकीच्या कुजलेल्या किंवा कडेचं पांढरं लाकूड वाळवीनं खाल्लेलं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही पण बाहेरचं पांढरं ती सोडत नाही. अडीचशे नव्या पाहिजे होत्या. नवीन सागवान मी मुद्दाम घेतलं नाही, पाडलेल्या वाड्याचे जुने वासे वखारीत मिळतात त्यातला एक घेतला, घट्ट दाण्याचा, पुरता सुकलेला. आणि तो कापायला दिला उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या पॅटर्न मेकरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फौंड्रीत ओतकाम करायच्या आधी त्या भागाचा लाकडी पॅटर्न करावा लागतो, आणि ओतीव लोखंड थंड होताना फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसतं म्हणून ही माणसं तेवढी वाढवलेली वेगळी पट्टी घेऊन माप घेतात. अख्खं आयुष्य लाकूड अर्ध्या मिलीच्या आत कापण्यात गेलेलं. त्या पॅटर्न मेकर मामांनी आधी वाशातला एकेक जुना खिळा चुंबक फिरवून शोधून काढला, मग कापलं. अडीचशे पट्ट्या, मी व्हर्निअर लावून वीस-पंचवीस तपासल्या आणि ठेवून दिला. फर्निचरवाल्या सुतारांकडं ही मापं मागितली असती तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, पण आपल्या गावात ही कला फौंड्रीमुळं आहे आणि ती घरकामात कुणी वापरत नाही याचं मला खरंच नवल वाटतं.

नोव्हेंबरात बसवायला घेतलं. आधी ग्रॅनाइटच्या खालचं व्हाइट सिमेंट हलत्या पात्याच्या छोट्या मशीननं कापून चारी बाजूंनी १० मिलीची फट परत मोकळी केली आणि नंतर त्यात कॉर्कची पट्टी बसवली, कॉर्क दबतो आणि परत फुगतो. मधला उचललेला भाग कडा मोकळ्या झाल्यावर पुढच्या दहा-बारा दिवसांत बराचसा आपोआप खाली बसला, दोन ओळी तेवढ्या काढून परत घालाव्या लागल्या. कोपऱ्याच्या काँक्रीटवर ओल अडवणाऱ्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर लवचिक राहणारा एमएस पॉलिमर गोंद, दातेरी थापीनं. पांढरा फेव्हिकॉल का नाही, तर त्यात पाणी असतं, एवढ्या बारीक पट्ट्या ते पिऊन फुगतात. नवा गोंद पाठीवरच्या डांबराच्या डागावर धरतोय का ते पण आधी चार पट्ट्यांवर बघितलं, आठवड्यानं उपटल्या तेव्हा गोंद नाही सुटला, लाकूड चिरलं. मग निर्धास्त झालो. नव्या पट्ट्या कोपऱ्यात एकगठ्ठा लावल्या नाहीत. दिवाणाखालचे जुने चौकोन काढून कोपऱ्यात आणले आणि नवीन पट्ट्या दिवाणाखाली आणि इकडंतिकडं विखरून टाकल्या, ठिगळ दिसू नये म्हणून.

घासाईच्या आधी मेण. काकूंनी वर्षानुवर्षं दर दिवाळीला फरशीला मेणाचं पॉलिश चोळलेलं, नखानं खरवडलं की वळी निघायची. तसंच मशीन लावलं तर पेपर चिकटून बंद पडतो आणि गरम मेण उलट लाकडात मुरतं. दोन दिवस नुसतं टर्पेंटाईन आणि जुनी सुती कापडं, खिडक्या सताड उघड्या, स्वैपाकघरातला गॅस बंद. मग घासाई, चटईच्या विणीला उभं-आडवं दोन्ही लाकूड असतं म्हणून मशीन कोपऱ्याकडून कोपऱ्याकडं तिरकं चालवायचं, ६०, मग ८०, मग १२०. मशीन पुण्याहून भाड्यानं आणलं, तीन चकत्यांचं, ड्रमचं नाही, ड्रम एक सेकंद जागेवर थांबला की खड्डा पाडतो. ८० च्या हातातला भुसा बाजूला ठेवून बाइंडरमध्ये (भुसा धरून ठेवणाऱ्या द्रावात) कालवून बारीक फटी भरल्या. मोठ्या फटी सोडून दिल्या. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला चांगला नाही, काहींना पुरळ उठतं, आणि लाकडाचा भुसा दीर्घकाळ नाकात जाण्यानं कॅन्सरचा धोका असतो हे सिद्ध झालेलं आहे, तरी आपल्याकडं पोरं तोंडाला रुमाल बांधून काम करतात. मी सगळ्यांना एन-९५ दिले आणि लावायला लावले.

स्टँडचे काळे डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनची शाई, ती घासून जात नाही. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचे खडे गरम पाण्यात विरघळवून हातमोजे घालून ब्रशनं लावलं, दहा मिनिटांत डोळ्यांदेखत फिकट होत गेलं, मग स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्यानं तीन-चार वेळा पुसून सुकवलं. दोन गेले. तिसरा हलकासा राहिला, आणखी खोल जायचं म्हणजे लाकूड खायचं, काकू म्हणाल्या राहू दे.

शेवटी पॉलिश. दादाला चकचकीत पाहिजे होतं, मेलामाइन. मेलामाइन फर्निचरला छान, पण जमिनीवर ठिसूळ पडतं, उडतं. दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) मजबूत असतंय, पण एवढ्या बारीक पट्ट्यांच्या पार्केटवर ते फटीत उतरून पट्ट्या एकमेकींना चिकटवून टाकतं, मग उन्हाळ्यात प्रत्येक पट्टीपाशी केसाएवढी फट पडायच्या ऐवजी आठ-दहा चौकोन मिळून एकच मोठी भेग पडते. आणि सागात स्वतःचं तेल असतं, ते पुसल्याशिवाय पीयू नीट वाळत पण नाही. मी हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि मेणाचं मिश्रण, सुचवलं, दिवाणाखाली दोन्हीचे नमुने करून दाखवले. काकू अनवाणी दोन्हीवर उभ्या राहिल्या आणि तेलाच्या बाजूला बोट दाखवलं. एकदम पातळ दोन हात, मध्ये एक दिवस, जास्तीचं पुसून काढायचं. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेटू शकतात. आम्ही पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवायचो.

खर्च टाइल्सच्या कोटेशनपेक्षा थोडा जास्तच झाला, लपवण्यासारखं काही नाही. त्यातला मोठा भाग मजुरीचा.

या जुलैत परत खडू घेऊन गेलो आणि तेच चौकोन आखले. कोपऱ्यात १५, मध्यात १४, दरवाज्याकडं १४. पंखा गेला. कॉर्क भिंतीकडं दबलेला दिसतोय, म्हणजे फरशी हलतेय आणि तिला जागा आहे. दरवाज्याच्या उंबऱ्याला लागून दोन पट्ट्या थोड्या वाजायला लागल्यात, तिथं जुनं डांबर आहे, कोपऱ्यासारखं काढलेलं नाही. काकूंना सांगितलंय की नोव्हेंबरपर्यंत हात लावायचा नाही. उरलेल्या चाळीस पट्ट्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात आहेत, डब्यावर काकूंनी मोठ्या अक्षरात लिहिलंय, "हॉलची फरशी, टाकू नये."